सात तारखेचं तेवढं कळव

सोलापूर
२२ जानेवारी

चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

हुतात्मा एक्स्प्रेसला तुला खिडकी मिळाली हे तू आईला कळवलंस, आईनं मला सांगितलं. तू डबा नेला नाहीस. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी दाराशीच राहिली. चार दिवस मीच खातोय. आई म्हणते, भांडण तुम्ही केलंत, आता तुम्हीच संपवा.

फोनवर आपलं दोन मिनिटांच्या वर सरळ बोलणं होत नाही, म्हणून कागद घेतलाय. आधीच सांगतो, पगाराच्या तारखेचा, त्या सात तारखेचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय. अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी तो काढला, तोही थोरल्या आत्यासमोर. ते चुकलंच.

तुमच्या कंपनीतल्या त्या साफसफाईच्या मुलीचं तू मला सहा महिने सांगितलं नाहीस. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद आला आणि दुसऱ्या दिवशी तिचं गेटचं कार्ड बंद. नवऱ्याच्या भानगडीत हिचं नाव गोवलेलं, कोर्टानं निर्दोष सोडलेलं, तरीसुद्धा. आणि तो मेल तुझ्या हातून गेला. तेव्हापासून नोकरी सोडून अशा बायकांना घेऊन शिवणकाम काढायचं हे तुझ्या डोक्यात आहे, हे मला आता कळतंय. मला वाटत होतं पगारवाढीवरून काही बिनसलंय.

तुझे आबा गिरणीत लागले तेव्हा सेटलमेंटची, म्हणजे गुन्हेगार जमातीची म्हणून सरकारनं तारेच्या आत वसवलेली माणसं तिथं कामाला यायची. काटेरी तारेतून पास दाखवून बाहेर, पाळी संपली की परत तारेच्या आत, आणि हजेरी. जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा तो १८७१ पासूनचा कायदा. इंग्रज गेले तरी पुढं पाच वर्षं चालूच होता, ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आबा सांगायचे, तार निघाली, पण गिरणीच्या खात्यात त्यांच्या शेजारी डबा उघडून बसायला पुढं कितीतरी वर्षं कुणी तयार नसायचं. आबा स्वतःही बसत नसत. हे मात्र त्यांनी नाही सांगितलं, आजीनं सांगितलं.

म्हणजे तू काय करायला निघालीस ते मला कळतं. एवढंच लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १२ बायका, प्रत्येकी ११ हजार, महिन्याचे १ लाख ३२ हजार. तुझ्याकडे पीएफ धरून ९ लाख. शिवणाच्या जुन्या जुकी मशीन, ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल यांत २ लाख ४० हजार गेले. राहिले ६ लाख ६०. भाग घाल. बरोबर ५ महिने. यात कापड नाही, दोरा नाही, वीज नाही. आणि तू शाळेचे गणवेश शिवणार. अगं, हा धंदा मी पूर्व भागात तीस वर्षं जवळून बघतोय. फेब्रुवारीत कापड उचलायचं, मेपर्यंत शिवायचं, जूनमध्ये माल जाणार आणि पैसे? नशीब चांगलं असेल तर गणपतीत, नाही तर दिवाळीला. कायद्यात ४५ दिवस लिहिलेत, २००६ सालापासून लिहिलेत. व्यापाऱ्याला तो कायदा दाखवलास तर या वेळचे पैसे मिळतील, पुढची ऑर्डर शेजारच्याला जाईल. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांच्या सात तारखेला तू त्या बारा जणींना काय सांगणार आहेस?

बघ. काढलाच.

माफ कर. शिकवायचं वय तुझंही राहिलं नाही आणि माझंही. तू ३१ वर्षांची आहेस, माणसांना नोकरीवर ठेवायचं कामच नऊ वर्षं केलंस. मी सहा मागांचा कारखाना चालवला, तोही बुडवला.

तू सांगितलेली ती अमेरिकेतली बेकरी मी मोबाइलवर परत वाचली. न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला, ग्रेस्टन नावाची, १९८२ ची. यादीत नाव लिहायचं, जागा निघाली की ज्याचा नंबर त्याला काम. तुरुंगात होतास का, शिकलास किती, आधी कुठं होतास, काही विचारायचं नाही. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट तू मला सांगितली नव्हतीस. त्यांच्या ब्राउनी घेणारी आइस्क्रीम कंपनी ठरलेली आहे, बेन अँड जेरीज. मोठं गिऱ्हाईक, वर्षानुवर्षं तेच. दयेपोटी एक पिशवी कुणीही घेतं. दुसरी घेताना तो शिलाई उलटून बघतो. बाजाराचं हे मला पाठ आहे, बाकीचं तूच मला शिकव.

लिज्जतचं आईला फार कौतुक. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. उसने हं, देणगी नव्हे. त्यांच्याकडं बाई मळलेलं पीठ घेऊन घरी जाते, लाटलेले पापड आणून देते, वजन होतं, मजुरी हातात. सात तारीख ही भानगडच नाही. आणि पुण्यात तुझ्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या त्या ‘स्वच्छ’च्या मावशी बघ. घरटी महिन्याचे पैसे गोळा होतात, त्यातून त्यांचं चालतं. तेही एकदम झालं नाही. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे नुसती संघटना, आणि २००८ ला त्यातून सहकारी संस्था. मध्ये १५ वर्षं. तू निदान १५ महिने नोकरी धरून ठेव आणि शनिवार-रविवार हे कर, एवढंच माझं म्हणणं होतं. मी ते ओरडून म्हणालो.

आई तुझ्या बाजूची आहे, तुला माहीतच आहे. लग्नाआधी आणि नंतर मिळून तिनं बारा वर्षं बिड्या वळल्या. हजार बिड्या घेऊन जायची, मुकादम सुपातून मूठभर काढून बाजूला टाकायचा, त्याचे पैसे नाहीत आणि त्या बिड्याही परत नाहीत. काल ती भाजी निवडताना एवढंच म्हणाली, ‘हिच्याकडं निदान नीट मोजून तरी घेतील.’ पुढं काही बोलली नाही. मावशीच्या सुनेला तिनं तुझ्याविषयी सांगूनही टाकलंय. बिडीवाल्या बायकांच्या गोदूताई वसाहतीतून दोघी-तिघी विचारायला येतील, तयार राहा.

मीही सांगत फिरतोय, तसं. सकाळी कंबर तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना म्हणालो, पोरगी कंपनी काढतीय. सेक्शन ८ ची कंपनी म्हणजे नफा वाटून घेता येत नाही, तो परत कामातच घालायचा, हे नाही सांगितलं. ते ऐकून भोसले हसला असता.

आता त्या रात्री तू जे म्हणालीस ते. ‘मी काही कुलूप लावून तुळजापूरला जाणार नाही, अण्णा.’

तुला ते ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. २०११ साल, तू बारावीला. तुला क्लासला पाठवलंय, तुला काही कळलेलं नाही, अशीच मी आजवर समजूत करून घेतली होती. सुताचा भाव चढत गेला, चादरीचा भाव कुणी वाढवून देईना, आणि ज्या व्यापाऱ्याकडं माझे पैसे अडकले होते तो फोन उचलेना. दोन आठवड्यांचे पगार थकले. रविवारी रात्री मी शेडला कुलूप घातलं आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं तुळजापूरला गेलो. कुणाला काही न सांगता. दर्शन लवकर झालं. मी पायऱ्यांवर बसून घड्याळ बघत होतो. आठला पाळी सुरू व्हायची. कोण कधी येतं ते मला पाठ होतं. कांडी भरणारी आजी सव्वासातलाच येऊन उंबऱ्यावर बसायची, मग माग दुरुस्त करणारा जॉबर, मग ते दोघे भाऊ एका सायकलवर. आठ वाजले आणि मला तिथं पायऱ्यांवर खडखडाट ऐकू येईल असं वाटलं. तो काय येणार!

ते नऊ जण आपल्या दारात आले. आईनं त्यांना चहा दिला. संध्याकाळी मी प्रसाद घेऊन आलो, तो तिनं देवापुढं ठेवला नाही. तीन दिवस फ्रीजवर पडून होता.

पुढं मी माग भंगारात काढले. किलोवर गेले, जेकार्डसकट. त्या पैशांतून आठ जणांचं देणं दीड वर्षात फेडलं, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो. नवव्याचं राहिलं. २ हजार ३८० रुपये. तो सेटलमेंट भागात राहायचा. पहिल्यांदा कामाला आला तेव्हा पत्ता ऐकून मी नको म्हणालो होतो. दुसऱ्याच्या कारखान्यात त्याचा हात बघितला, मग सहा महिन्यांनी मीच बोलावलं. धोटा अडकला की आवाजावरून त्याला कळायचं, माग बंद करायच्या आधी. पाच वर्षांत कधी उचल मागितली नाही. त्याला फोन नव्हता, घर मी बघितलेलं नव्हतं.

मी त्याला शोधायला गेलो. हजेरीची वही काखेत, कारण रक्कम त्यात लिहिलेली. गल्लीच्या तोंडाशी मुलं खेळत होती, मी वही उघडून त्याचं नाव विचारलं आणि ती पांगली. एका बाईनं दार लोटून घेतलं. एक म्हातारा बाहेर आला, माझ्याकडं नाही, वहीकडं बघत म्हणाला, ‘असं कुणी इथं राहत नाही, साहेब.’ मी म्हणालो, अहो, मी पैसे द्यायला आलोय. तो म्हणाला, ‘हो, हो. पण असं कुणी नाही.’ त्याच्या मागं खुंटीला जी पिशवी टांगली होती ती आपल्या कारखान्यातली होती, चादरीच्या तुकड्याची. आईनं दिवाळीला सगळ्यांना शिवून दिलेली, निळी.

मी परत आलो. पुन्हा गेलो नाही. वही ट्रंकेत आहे.

त्यामुळं तू जेव्हा म्हणतेस की त्याच भागातल्या बायका घेणार, केस होऊन सुटलेल्या घेणार, तेव्हा मला १ लाख ३२ हजारांची तेवढी भीती वाटत नाही. ज्यांना सगळीकडून नको म्हटलंय त्यांना तू ये म्हणणार. त्या येतील, पाच महिने येतील, आणि एका सकाळी कुलूप असेल तर? दुसऱ्यांना दुसरीकडं काम मिळतं, माझ्या आठ जणांना मिळालं. यांना कोण देणार? सारखा तिथंच येतोय मी, कळतंय. तू कुलूप लावणार नाहीस, हेही कळतंय. मीही लावणार नव्हतो.

एक मात्र ऐक, हा उपदेश समज हवं तर. त्या वस्तीत जाशील तेव्हा नावं लिहायची वही घेऊन जाऊ नकोस. मोबाइलमध्येही टिपू नकोस. आधी दोन-चारदा नुसती जा, चहा पी. आणि पगार महिन्यानं न देता आठवड्यानं देता आला तर बघ. रक्कम लहान राहते, त्यांनाही सावकाराकडं जावं लागत नाही, आणि गाडं अडकलं तर ते आठ दिवसांत उघडं पडतं, महिनाभर झाकून ठेवता येत नाही. मला ते झाकता आलं म्हणून माझं तसं झालं.

मागांची शेड तुला द्यायची की गोडाऊनला, हे माझं अजून ठरलेलं नाही. गोडाऊनवाल्याची मुदत मार्चअखेर आहे, त्याला मी होही म्हणालो नाही आणि नाहीही. काल सहज जाऊन आलो. मागच्या बाजूचा पत्रा दोन ठिकाणी गळतो, तिथं मशीन लावता येणार नाही. वायरिंग तर सगळं मागांच्या वेळचं आहे. तू १२ टेबलं म्हणाली होतीस, ती दोन ओळींत की एका? कटिंगचं टेबल लांबीला किती? मोजमाप कळव. उत्तरेकडच्या खिडक्या मी लाकूड ठोकून बंद केल्या होत्या, त्या काढल्या तर दिवसा दिवे लागणार नाहीत.

तुझे,
अण्णा

ता. क. भोसल्यांचा धाकटा रविवारी पुण्याला येतोय. त्याच्याकडं चटणी आणि भाकरी देतोय, या वेळी परत पाठवू नकोस. मागचे दोन रिकामे डबे त्याच्याकडं दे, आई रोज विचारते.