गहाण पडलेली करवत

माननीय संपादक,

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचे १७५१ सालचे ‘जिन लेन’ (जिन नावाच्या दारूची गल्ली) हे एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, मी वर्गात दाखवते, तेव्हा मुले आधी दारूत धुंद आईच्या हातून निसटणारे बाळ पाहतात आणि तिला दोष देऊन मोकळी होतात. मग मी डावीकडचा सावकार दाखवते. दारूसाठी सुतार त्याच्याकडे करवत गहाण टाकतोय, बाई स्वयंपाकाची भांडी. हत्यारच गेले तर उद्या कमावणार कशाने? फ्रेंच ब्रँडीला शह द्यायला इंग्लंडच्या सरकारनेच देशात दारू गाळायला मोकळीक दिली होती, म्हणून लंडनमध्ये जिन एवढी स्वस्त. आधीचे कायदे फसले; कायद्याचा खरा लगाम बसला तो १७५१ मध्येच. आपल्या पुरवणीत जुनी चित्रे छापता, तेव्हा खाली एवढे तरी सांगाल का?

– एक इतिहास शिक्षिका, सातारा