सुम्या, डिपॉझिट भरायच्या आधी हे वाच

प्रिय सुम्या,

जर्मनीत घर मिळालं हे वाचून खूप बरं वाटलं रे, पण पुढची ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. मालक म्हणतोय तीन महिन्यांचं डिपॉझिट एकरकमी टाक, मगच किल्ली. थांब जरा, हे पत्र संपेपर्यंत एक युरोसुद्धा पाठवू नकोस.

मी इथे आलो तेव्हा हेच केलं होतं. सोबत आणलेले जवळजवळ सगळे पैसे एका दिवसात गेले, पहिला पगार यायला पाच आठवडे, आणि रिकाम्या खोलीत जॅकेटची उशी करून झोपायचो कारण गादी घ्यायलाही हात आखडता. कायदा माझ्या बाजूने होता हे मला कुणी सांगितलंच नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

इथल्या नागरी कायद्याच्या कलम ५५१ प्रमाणे डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढंच घेता येतं, आणि ते तीन सारख्या हप्त्यांत भरायचा तुला हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना, बाकीचे दोन पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्याबरोबर. करारात उलटं लिहिलं असेल तरी ते चालत नाही. आणि मालकाने ते पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवायचे असतात, त्यावरचं व्याजही तुझंच.

आता काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरेचा खर्च मिळवला की वार्ममीटे, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहून वेगळं. समजा काल्ट ६०० आणि वार्म ८०० युरो, तर डिपॉझिट १८०० च्या वर मागता येत नाही, २४०० मागितले तर सरळ नाही म्हण. तुझ्या करारात कुठला आकडा धरलाय ते आधी बघ. हीटिंग-पाण्याचे पैसे दर महिन्याला अंदाजाने घेतात आणि वर्षाचा हिशोब नंतर येतो, कधी परत मिळतात कधी वर भरावे लागतात, म्हणून थोडे बाजूला ठेव.

भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचं, शनिवार त्यात धरत नाहीत. बँकेत डाउअरआउफ्ट्राग लावून टाक म्हणजे दर महिन्याला आपोआप जातं. रोख देऊच नकोस, आणि द्यावेच लागले तर पावती घेतल्याशिवाय हलू नकोस.

आणि हो, घर प्रत्यक्ष बघितलंयस ना? "मी परदेशात आहे, पैसे टाका, किल्ली कुरिअरने पाठवतो" असं म्हणणारा माणूस मालक नसतो रे, त्यात कितीतरी नवी पोरं फसतात.

सही झाली नसेल तर हप्त्यांचा विषय आत्ता काढू नकोस, मालक दुसरा भाडेकरू बघेल. आधी सही, मग नम्रपणे ईमेल, त्यात कलमाचा नंबर. ऐकलं नाही तर तुझ्या शहरातल्या मीटरफेराइनचा, म्हणजे भाडेकरू संघटनेचा सभासद हो, वर्षाची फी भरली की त्यांचा सल्ला मिळतो. किल्ली घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा फोटोत घे आणि यादीवर मालकाची सही घे, निघताना डिपॉझिट कापायला हीच कारणं पुढे येतात.

कराराचे फोटो आज रात्रीच पाठव, सगळी पानं, मागची बारीक अक्षरांचीसुद्धा. मी जागाच आहे, वाचून लगेच फोन करतो.

तुझाच,
अवि