पदवी परतूरची, काम वाळूजला

महोदय,

मराठवाड्यातील पदवीधर नोकरीयोग्य नाहीत, असे उद्योजकांच्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. परतूरमध्ये सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यावर मला हे एकांगी वाटते. शिक्षण एक आणि काम भलतेच, अशी आपल्याकडील तरुणांची जी अवस्था झाली आहे, तिचे मूळ अनेकदा अभ्यासक्रमापेक्षा घर आणि कारखाना यांच्यातील अंतरात सापडते.

माझ्या दोन विद्यार्थिनींनी पुढे विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले, गुणही जवळपास सारखेच. एकीचे सासर जालन्यात आहे. ती कंपनीच्या बसने छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जाते आणि औषधांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. दुसरीचे सासर परतूर तालुक्यातील खेड्यात. ती आज मेडिकलच्या दुकानात बिले करते. तिलाही त्याच शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने प्रयोगशाळेसाठी निवडले होते. चार महिने तिने अपडाऊन केले. पहाटे दिराच्या दुचाकीवरून स्टेशन, तेथून रेल्वे, शहरात उतरल्यावर रिक्षा, असा तो रोजचा प्रवास होता. परभणी-मुदखेड मार्ग दुहेरी झाला, परंतु परभणी ते छत्रपती संभाजीनगर हा पट्टा अद्याप एकेरी असल्याने क्रॉसिंगसाठी गाडी थांबली की तिची कामाची पाळी (शिफ्ट) चुकत असे. तिसऱ्या ताकिदीनंतर तिने राजीनामा दिला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते, ही मोठी सवलत आहे आणि तिचे मी स्वागतच करतो. मात्र पाळी सुटल्यावर फाट्यावरून गावाकडे जाणारी गाडीच नसेल, तर तिकीट निम्मे असून काय उपयोग?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९७८ मध्ये असे मांडले होते की, कुटुंब कोठे राहणार हे पतीच्या नोकरीवरून ठरते आणि पत्नीला त्याच परिसरात मिळेल ते काम पत्करावे लागते, त्यामुळे विवाहित स्त्रिया, विशेषतः जेथे कामाच्या संधी मोजक्या असतात अशा ठिकाणी, आपल्या शिक्षणापेक्षा कमी प्रतीच्या कामात अडकतात. जर्मनीतील कामगारांविषयी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही, ज्यांना दूरवर ये-जा करता येते त्यांच्यावर अशी वेळ कमी येते, असे आढळले. आपल्याकडे तर पतीच्या नोकरीच्या जोडीला सासरची शेती आणि घरातील वृद्धांची देखभालही असते.

यावर ‘मग गाव सोडा’ असा सल्ला दिला जातो. गाव सोडल्याने शिक्षणाला साजेसे काम मिळतेच, असा माझा अनुभव नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा पुण्याजवळ चाकणला जातो, कॉट बेसिसवर राहतो, भाडे आणि मेसचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. डिझाइनच्या कामासाठी दोन-तीन महिने थांबण्याची ऐपत नसल्याने तो ठेकेदाराकडे ऑपरेटर म्हणून लागतो, आणि वर्षभराने त्याच्या अर्जावर तोच अनुभव नोंदला गेल्याने पुढच्या मुलाखतीही त्याच कामाच्या येतात. ज्याचा चुलता किंवा थोरला भाऊ आधीच तेथे स्थिरावलेला असतो, तो थांबू शकतो; माझ्या पाहण्यात डिप्लोम्याचे खरे काम बहुधा अशाच मुलांना मिळाले. घरून जेवणाचा डबा घेऊन जाता-येता येण्यासारखी नोकरी शोधणाऱ्यालाही थांबण्याची हीच सवड मिळते, म्हणून रोजच्या प्रवासाची सोय आणि स्थलांतर हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

शेंद्रा-बिडकीन येथे कोणता उद्योग येणार आणि त्याला किती भूखंड मिळणार, याची चर्चा आपण उत्साहाने करतो. तेथे काम करणारी माणसे कोठून आणि किती वाजता येणार, हे कोणी विचारत नाही. वाळूज आणि शेंद्रा येथे नोकरदार महिलांसाठी, तसेच नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांसाठी परवडणारी वसतिगृहे औद्योगिक विकास महामंडळाने आपल्याच जागेवर उभारावीत. जालन्यापर्यंत येणाऱ्या कंपन्यांच्या बस, काही कारखान्यांनी एकत्र येऊन खर्च वाटून घेतल्यास, परतूरपर्यंत येऊ शकतील. दुहेरीकरण पूर्ण होईपर्यंत रेल्वे प्रशासनाने परभणीहून निघणारी निदान एक पॅसेंजर पहिल्या पाळीच्या वेळेला धरून सोडावी, क्रॉसिंगला तिला अग्रक्रम द्यावा आणि पाळी सुटल्यावर परतीची गाडीही त्याच हिशेबाने ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
परतूर, जि. जालना