मागवला 5600जी, आला 5500

दिनांक : 2 मार्च 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : न विचारता बदलून पाठवलेला प्रोसेसर आणि रॅम परत घेऊन मागवलेला माल देण्याबाबत.

महोदय,

3 फेब्रुवारीला मी तुमच्याकडून गेमिंग कॉम्प्युटरचे सुटे भाग मागवले. बिल 33,200 रुपयांचं झालं आणि सगळे पैसे आधीच भरले. आज महिना होत आला. भाग जोडले, पंखे फिरले, दिवा लागला, पण पडद्यावर काहीच आलं नाही. मी मागवला होता एएमडी कंपनीचा रायझन 5 5600जी प्रोसेसर, तुम्ही पाठवला रायझन 5 5500.

तुमच्या फोनवरच्या लोकांना हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून आधी तोच लिहितो. 5600जी मध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, आतच असतो, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयला टीव्ही जोडला की चित्र दिसतं. 5500 मध्ये ती सोय नाही. तुमचा सल्लागार मला म्हणाला की दोन्ही चिप एकाच साच्यातल्या आहेत. ते खरंच आहे, पण 5500 मध्ये ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो, हे त्याने सांगितलं नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल असं एएमडीच्या संकेतस्थळावर 5500 च्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे. माल विकणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

मी चार महिने हिशेब करून हा सेट ठरवला होता. यंदा ग्राफिक्स कार्ड परवडणार नव्हतं. म्हणून आता 5600जी वर भागवायचं, कमी सेटिंगवर व्हॅलोरंट हा गेम खेळायचा आणि पुढच्या कापसाला आरएक्स 6600 हे कार्ड घ्यायचं, असा बेत होता. तुमच्या सल्लागाराने पुढे स्वस्तातलं आरएक्स 6500 एक्सटी घ्या म्हणून सुचवलं, त्याला मी नाही म्हणालो. ते कार्ड फक्त चार लेन, म्हणजे प्रोसेसरशी डेटाची ने-आण करणारे चारच मार्ग वापरतं आणि 5600जी पीसीआयई 3.0 या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीवरच चालतो, त्यामुळे तिथे त्याचा वेग मार खातो. 6600 ला आठ लेन आहेत आणि ते 132 वॅट घेतं. त्याला जोडायची आठ पिनची वायर असलेला 550 वॅटचा पॉवर सप्लाय म्हणून मी आत्ताच घेतला. त्यात हजार रुपये वाचवता आले असते. पण आमच्याकडे रात्री शेतातले पंप सुरू झाले की घरातला व्होल्टेज पडतो, आणि उन्हाळ्यात टिनाखाली दुपारी बसवत नाही. अशा जागी साधा पॉवर सप्लाय लावून बाकीचे भाग धोक्यात घालायचे नव्हते. एवढं सगळं ज्या एका प्रोसेसरच्या भरवशावर ठरवलं, तोच तुम्ही बदलला.

पार्सल गावात येत नाही, दारव्ह्याहून आणावं लागतं. 11 फेब्रुवारीला ते घरी आणलं आणि खोक्यावर 5500 हा आकडा दिसताच मी हात थांबवला. सील फोडलं नव्हतं. सीलबंद खोक्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि लगेच फोन केला. उत्तर मिळालं, "स्टॉक संपला म्हणून त्याच सीरिजमधला दिलाय, सहा कोरच आहे, लावून टाका, फरकाचे पैसे वॉलेटमध्ये येतील." टीव्हीवर चित्र येईल ना, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "हो" म्हणाले. हा फोन माझ्याकडे रेकॉर्ड आहे. मी वाचलेलं वेगळं होतं, तरी विकणारी कंपनी सांगते म्हणून विश्वास ठेवला आणि सील फोडलं.

त्यानंतर दोन आठवडे तुमच्या लोकांनी मला फिरवलं. रॅम काढून लावा, बॅटरी काढून ठेवा, बायोस अपडेट करा. शेवटी कॉम्प्युटर उचलून दारव्ह्याच्या एका दुकानात नेला. त्यांनी एक जुनं कार्ड लावलं आणि त्याच क्षणी चित्र आलं. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, वर कारण कागदावर लिहून दिलं. ते तुम्हाला पाठवलं, तेव्हा कुठे तुम्ही मान्य केलं की या प्रोसेसरला कार्ड लागतं. आणि त्याच फोनवर सांगितलं, की सील फुटलंय म्हणून माल परत होणार नाही, हवं तर आमच्याकडूनच 3,500 रुपयांचं जीटी 710 घ्या. जे कार्ड 5600जी च्या आतल्या ग्राफिक्सपेक्षाही कमजोर आहे, ते मी वरून पैसे देऊन का घ्यावं? सील तर तुमच्याच सांगण्यावरून फोडलं.

रॅमचंही तेच. मी 8 जीबीच्या दोन पट्ट्या मागवल्या होत्या, तुम्ही 16 जीबीची एकच पाठवली. "बेरीज तीच" हे उत्तर चालणार नाही. 5600जी चं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, याच रॅममधून घेतं. 3200 वेगाची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी डेटा देते, दोन पट्ट्या मिळून 51.2. बैलजोडीचा वखर एका बैलाला जुंपला तर वावर होत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

हे पैसे सुमारे पाच क्विंटल कापसाचे आहेत. माझ्या बाबांनी ते माझ्या शब्दावर दिले. ते रोज संध्याकाळी विचारतात, "इतके पैसे घातले अन् काही दिसत काऊन नाही रे?" त्यांना सॉकेट, चिप, लेन सांगून काय उपयोग? आपल्या पोराला फसवलं, एवढंच त्यांना दिसतं, आणि ते चूक नाही.

माझी मागणी अशी. 5500 परत घेऊन 5600जी द्यावा. तो नसेल तर त्याची माझ्याकडून घेतलेली पूर्ण किंमत, 11,800 रुपये, बँक खात्यात जमा करावी, वॉलेटमध्ये नाही. रॅम बदलून 8 जीबीच्या दोन पट्ट्या द्याव्यात. माल नेण्या-आणण्याचा खर्च तुमच्याकडे. ठरल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 सांगतात. त्याच नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं.

तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद करून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, हे मी विचारून घेतलं आहे. बिल, सीलबंद खोक्याचा फोटो, दुकानदाराचा कागद आणि 11 फेब्रुवारीच्या फोनचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे. प्रोसेसर मी पुन्हा त्याच्या खोक्यात घालून ठेवला आहे, तुमचा माणूस येईल त्या दिवशी देतो.

आपला ग्राहक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ