ते कीटकांचे बॉक्स भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या एका कॉलेजमध्ये झूऑलॉजी लॅबचं रिनोव्हेशन चाललंय आणि कीटकांचे जुने लाकडी बॉक्स "आता कोण बघतंय हे" म्हणून जिन्याखाली ढकलून दिलेत. मी स्वतः बघितले, राहवलं नाही म्हणून लिहितेय.

एका बॉक्समध्ये एक मोठा काळा भुंगा होता, उजव्या पंखातून टाचणी टोचलेली (भुंग्याला तशीच टोचतात, मधोमध नाही) आणि टाचणीला खाली नखाएवढी चिठ्ठी, शाईने लिहिलेलं: आरे, जुलै 1968, खाली पकडणाऱ्याचं नाव. अहो, खरी किंमत त्या चिठ्ठीची आहे! आरेत तेव्हा काय होतं हे आज कुणाला विचारणार? जर्मनीत काही हौशी लोकांनी 1989 पासून राखीव जागांमधले उडणारे कीटक पकडून, वजन करून, जपून ठेवले, म्हणून तर 2017 साली जगाला कळलं की 27 वर्षांत ते वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलंय.

लोक म्हणतात फोटो काढून ठेवा ना. पण फोटोचा पाय तोडून डीएनए काढता येत नाही, आणि कितीतरी जाती मायक्रोस्कोपखाली पोट उघडून बघितल्याशिवाय वेगळ्या ओळखूच येत नाहीत. मुंबईत मलेरिया पसरवणारा स्टीफेन्सी डास घ्या, आपल्या गच्चीवरच्या टाकीत वाढणारा, तो 2012 मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि आता तिकडच्या शहरांना त्याची धास्ती आहे. असा पाहुणा नवीन आहे की आधीपासूनच होता हे ठरवायचं तर जुने, नावानिशी ओळखलेले नमुने हाताशी हवेत की नको?

आणि हे सांभाळणं म्हणजे नुसतं कपाटाला कुलूप लावणं नाही. मुंबईच्या दमट हवेत बुरशी लगेच धरते, त्यात एक बारीकसा किडा असतो त्याच्या अळ्या वाळलेले कीटक आतून पोखरतात, टाचणीखाली भुकटी दिसली की समजायचं. कुणीतरी सतत बघत राहावं लागतं, डांबरगोळ्या बदलाव्या लागतात. त्या कॉलेजात हे करणारे लॅब असिस्टंट रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, सगळं तिथेच बिघडलं.

कॉलेजला जागा हवी असेल तर समजू शकते, पण मग बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) नाहीतर पुण्याच्या झूऑलॉजिकल सर्व्हेला आधी एक फोन तरी करा, भंगारवाल्याला नंतर. आणि विद्यापीठाने सगळ्या कॉलेजांकडून एक साधी यादी मागवावी, कुणाकडे काय आहे त्याची. चिठ्ठ्या टाइप करून कॉम्प्युटरवर चढवायचं काम बीएस्सीच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून द्या, मुलं आनंदाने करतील.

– एक वाचक, गोरेगाव (पूर्व)