शनिवारी ‘ऑलमोस्ट फेमस’ : चित्रपट आणि चर्चा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५:३० वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात कॅमेरॉन क्रो यांचा ‘ऑलमोस्ट फेमस’ (२०००) दाखवणार आहोत. चित्रपट साधारण दोन तासांचा. मग चहा, आणि ७:५० ते ९ चर्चा. सोबत एक पाहुणा आणता येईल.

काळ १९७३. पंधरा वर्षांचा विल्यम ‘रोलिंग स्टोन’ मासिकासाठी लिहायला एका रॉक बँडच्या दौऱ्यावर निघतो. क्रो स्वतः कोवळ्या वयात याच मासिकात लिहीत होते. या पटकथेला ऑस्कर मिळालं. बसमध्ये रुसून बसलेली मंडळी एल्टन जॉनच्या गाण्यावर एकेक करून गाऊ लागतात, तो प्रसंग मला चित्रपटाचा प्राण वाटतो. पण बँडसोबत फिरणाऱ्या पेनी लेन या तरुणीला पत्त्यांच्या डावात पन्नास डॉलर आणि बिअरच्या खोक्यावर दुसऱ्या बँडच्या हवाली केलं जातं. जुन्या दिवसांच्या गोडव्यात हे झाकलं जातं का? यावर चर्चा व्हायलाच हवी.

लक्षात ठेवा :
• अमली पदार्थांचे प्रसंग आहेत, लहान मुलांना आणू नये.
• ज्यांनी आधी पाहिलाय त्यांनी शेवट सांगू नये.
• मोबाईल बंद.
• आपलं मत बुधवारपर्यंत आठ-दहा ओळींत लिहून गटावर पाठवा. नुसतं ‘आवडला’ नको. कोणता प्रसंग आणि का, ते लिहा. विल्यमच्या आईबद्दल पालक सभासदांनी जरूर लिहावं.