बेलग्रेव्ह रोडवरच्या खटल्याबद्दल नानांना

इलफर्ड, लंडन

तीर्थरूप नानांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर एडिथ थॉम्पसनवरच्या, तिच्या नवऱ्याच्या १९२२ मधल्या खुनाच्या त्या जुन्या खटल्याचं सांगायला लागले, पण तुम्हाला धड ऐकू येईना, आणि आई मधूनच म्हणाली, "मग तिनं सोडून का नाही दिलं त्याला?" म्हणून सविस्तर लिहिते आहे. सेशन कोर्टात जन्म काढलेल्या माणसाचं मत मला यात हवं आहे.

आमच्या इलफर्डमध्ये बेलग्रेव्ह रोड म्हणून रस्ता आहे. दोन्हीकडे एकमेकांना चिकटलेली विटांची घरं. आज तिथे पंजाबी, गुजराती, तमिळ कुटुंबं राहतात. शंभर वर्षांपूर्वी या भागात लंडनच्या कचेऱ्यांत जाणारे कारकून राहायचे. पर्सी थॉम्पसन त्यातलाच, जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून. बायको एडिथ स्त्रियांच्या हॅटचा व्यापार करणाऱ्या पेढीत कामाला होती आणि हुशारीच्या जोरावर बरीच वर चढलेली. कमाईत ती नवऱ्याला हार जाणारी नव्हती. लग्न १९१६ सालचं, मूलबाळ नाही. घराच्या पैशात तिचा वाटा होता, तरी घर मात्र नवऱ्याच्या नावावर.

फ्रेडरिक बायवॉटर्स तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. 'मोरिया' नावाच्या बोटीवर नोकरी करायचा. १९२१ च्या उन्हाळ्यात तो या दोघांच्या घरीच भाड्याने राहायला आला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला एका टाचणीवरून नवरा-बायकोत भांडण जुंपलं. टाचणीवरून, नाना! पर्सीनं तिला मारलं आणि खोलीत फेकून दिलं. बायवॉटर्स मध्ये पडला. त्याला घर सोडावं लागलं, पण एव्हाना दोघांचं जमलं होतं. पर्सी तिला मोकळी करायला तयार नव्हता.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याशिवाय क्रूरपणा, टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण कारण म्हणून चालत नसे. पर्सीचा दुसऱ्या कुणा बाईशी संबंध असल्याचा पुरावा नव्हता, म्हणजे एडिथला दारच नव्हतं. पळून गेली असती तर नोकरी आणि अब्रू दोन्ही गेली असती. आई, ती दोन्ही हातची घालवायला तयार नव्हती, आणि मला तरी त्यात तिचा दोष वाटत नाही.

बोट महिनोन् महिने बाहेर असायची, तेव्हा ती त्याला पत्रं लिहायची. लांबलचक. नाटकं, कादंबऱ्या, दुकानातल्या गोष्टी, दुखणीखुपणी, सगळं त्यात. आणि मधेच नवऱ्याच्या खाण्यात दिव्याच्या काचेचा चुरा घातला, अमुक विषाची बातमी वाचली, असंही. विषप्रयोगाच्या बातम्यांची कात्रणंसुद्धा पाठवायची. त्याची पत्रं तिनं जाळली. त्यानं मात्र तिची जपून ठेवली, साठाच्या वर. त्या पत्रांनीच तिचा जीव घेतला.

३ ऑक्टोबर १९२२ च्या रात्री नवरा-बायको पिकॅडिलीच्या क्रायटेरियन थिएटरात नाटक बघून आगगाडीने परत आले. बेलग्रेव्ह रोडवरून चालताना मध्यरात्र उलटली होती. बायवॉटर्स मागून आला, एडिथला बाजूला ढकललं आणि पर्सीला सुरीनं भोसकलं. "नको, नको" असा बाईचा कळवळून ओरडल्याचा आवाज शेजारपाजारी ऐकू गेला. ती डॉक्टर शोधत धावली. पण पोलिसांना तिनं बायवॉटर्सचं नाव सांगितलं नाही, आणि ते तिला फार महागात पडलं. पुढे चौकीत त्याला समोर पाहिल्यावर ती रडत म्हणाली, देवा, यानं असं का केलं, मला हे नको होतं.

खटला ६ डिसेंबरला ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टात, उभा राहिला. आत जागा मिळावी म्हणून लोक रात्रीपासून रांगा लावत. वर्तमानपत्रांत प्रेमपत्रं छापून येत होती, अख्खा देश ती चवीनं वाचत होता. सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल टॉमस इन्स्किप, तिच्यातर्फे सर हेन्री कर्टिस-बेनेट. वकिलांनी परोपरीनं सांगितलं की पिंजऱ्यात साक्षीला उभी राहू नको. तिनं ऐकलं नाही. मग उलटतपासात एकेका वाक्यावर तिला धरलं.

पुराव्याकडे बघा, नाना. पर्सीचं प्रेत उकरून काढून सर बर्नार्ड स्पिल्सबरींनी तपासलं. त्या काळचा इंग्लंडमधला शवचिकित्सेतला सगळ्यात नावाजलेला तज्ज्ञ. ना विष, ना काच, काहीच सापडलं नाही. बायवॉटर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सांगत राहिला की तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्या रात्रीचा कट ठरल्याचा थेट पुरावा एकही नाही. उरली ती पत्रं. मला ती वाचताना दिसते ती एक हुशार, कोंडलेली बाई. घरात जे करता येत नाही ते कागदावर रंगवणारी, समुद्रावरच्या पोराला धरून ठेवण्यासाठी. न्यायमूर्ती शिअरमन यांनी मात्र त्यात दुष्ट प्रेम पाहिलं. ज्युरीसमोर त्यांनी विवाहाच्या पावित्र्याची बाजू अशी मांडली, की खून बाजूला राहून तिच्या चारित्र्याचाच निकाल लागला. ११ डिसेंबरला दोघंही दोषी ठरले.

फाशी रद्द व्हावी म्हणून जवळपास दहा लाख लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्यातल्या बहुतेक बायवॉटर्ससाठी! सुरी चालवणारा पोरगा भुलवला गेला आणि भुलवणारी ती, असा लोकांचा ग्रह. राग येतो मला याचा. ९ जानेवारी १९२३ ला सकाळी नऊ वाजता, एकाच वेळी, तिला हॉलोवे तुरुंगात आणि त्याला पेंटनव्हिलमध्ये फाशी दिलं. ती एकोणतीस वर्षांची, तो वीस. आणि त्याच वर्षी पार्लमेंटनं कायदा बदलून बायकोलाही केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागण्याचा हक्क दिला. एडिथला त्याचाही उपयोग झाला नसता, हेही खरं.

पर्सीला मी विसरलेले नाही. तो बत्तीस वर्षांचा होता, बायकोवर हात टाकणारा होता, पण रस्त्यात असं मरावं असं त्यानं काही केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळ्यांना वाटे तशी मलाही ही नुसती प्रेमाच्या त्रिकोणाची गोष्ट वाटायची; कायदा वाचल्यावर ती तशी राहिली नाही. एडिथचे अवशेष २०१८ मध्ये, तिच्या आईच्या इच्छेप्रमाणे, मॅनर पार्कच्या सिटी ऑफ लंडन दफनभूमीत आईवडिलांशेजारी नेले. पर्सीही त्याच दफनभूमीत आहे.

माझा प्रश्न असा: आपल्याकडे दंड संहितेचं कलम ३४, समान उद्देश, म्हणजे एकाच हेतूनं मिळून केलेल्या गुन्ह्याला प्रत्येक जण जबाबदार, आता न्याय संहितेत ३(५) झालंय ते. महिन्यांपूर्वीची पत्रं, त्यातली विषाची बडबड, प्रत्यक्षात सुरीनं झालेला खून आणि "नको" म्हणून ओरडणारी आरोपी. एवढ्यावर तुमच्या कोर्टात समान उद्देश शाबीत झाला असता का? सरकारी वकिलांच्या बाजूनंही विचार करून लिहा, नुसतं माझ्या मनासारखं नको. आईला हे वाचून दाखवा आणि तिचं काय म्हणणं पडतं तेही कळवा. चष्म्याचा नंबर बदलून घ्या.

तुमची,
धाकटी